दलेंदाची पाठ

मला माणसं तोंडावरून नाही, पाठीवरून ओळखू येतात. तीस वर्षं गावच्या हमामात बायकांच्या पाठी घासल्यावर दुसरं काय होणार? कोण लाडात वाढलंय, कोण ओझी वाहून वाकलंय, कोण सकाळीच नवऱ्याशी भांडून आलंय, हात फिरवला की कळतं. तोंडाने बायका काहीही सांगतील. पाठीला खोटं बोलता येत नाही.

नवऱ्या सजवायचं कामही माझंच. न्हाणं, मेंदी, कपडे आणि त्याआधीचा हजबा. लग्नाआधी तीन आठवडे मुलीला घरात बसवायचं, ऊन म्हणून दाखवायचं नाही, खाऊपिऊ घालायचं, आठवड्याला अंग घासून काढायचं. म्हणजे लग्नाच्या दिवशी मुलगी सोललेल्या बदामासारखी बाहेर येते. दाराला कुलूप नसतं, पण शल्बियाखालाने बसवलेली मुलगी उंबरा ओलांडत नाही, असा या बेटावर माझा दरारा होता. होता म्हणते, कारण खमीसच्या दलेंदाने तो ओलांडला.

दलेंदाची पाठ मी ती पाच वर्षांची असल्यापासून घासतेय. बापाबरोबर होडीत वाढलेली पोर. रंग भाजक्या भांड्यासारखा, खांदे पोरांना लाजवतील असे. वीस उन्हाळे तिने समुद्रात काढले, पण उन्हाने तिच्या अंगावर कधी पुरळसुद्धा उठवलं नव्हतं. म्हणून त्या रविवारी दुपारी तिची आई मब्रूका अनवाणी धावत माझ्या दारात आली, तेव्हा माझ्या मनात भलतंच आलं.

"शल्बिया, चल. काही विचारू नकोस. चल नुसती."

"पळून गेली का पोर?"

"पळून गेली असती तरी बरं झालं असतं! भाजून आलीय."

घरात शिरले तर पोर पालथी पडलेली. मानेपासून कमरेपर्यंत पाठ लालभडक, दोन्ही खांद्यांवर बारीक फोड, आणि त्या सगळ्यावर तेल चमकतंय. आजूबाजूला तीन बायका, आणि तिघींच्या हातात तीन औषधं. शेजारच्या सालिहाने दात घासायची पेस्ट आणली होती. आत्याबाईंच्या एका हातात शिरक्याची बाटली, दुसऱ्या हातात कापलेला टोमॅटो. तिसरीने लिंबू पिळायलाच घेतलं होतं.

"कोशिंबीर करताय का पोरीची?" मी दारातूनच ओरडले. "व्हा बाजूला! तेल कोणी लावलं?"

"मी," मब्रूका म्हणाली. "आपल्याच ऑलिव्हच्या झाडांचं आहे. पहिल्या घाण्याचं."

"तेल उत्तम आहे गं. त्यात उद्या मासे तळ. तापल्या तव्यावर तेल ओतून तवा कधी गार झालाय का? आतली धग आतच कोंडलीस तू!"

मब्रूका रडायला लागली. मी तिला रडू दिलं, कारण मला हात मोकळे हवे होते. आधी जवाचं पीठ मागवलं. मूठभर पीठ मऊ कापडात बांधलं, कोमट पाण्यात सोडलं, पाणी दुधासारखं झालं की ते पाठीवर ओतत राहिले. घासायचं नाही, ओतायचं. तेल हळूहळू उतरलं. मग विहिरीच्या गार पाण्यात जुनं पातळ कापड भिजवून पिळलं आणि नुसतं पाठीवर टाकलं. ते गरम झालं की दुसरं. सालिहा म्हणाली, "बर्फ आणू का? माझ्याकडे आहे." मी म्हटलं, "आण, आणि तुझ्याच डोक्यावर ठेव. भाजलेल्या कातड्याला बर्फ म्हणजे दुसरा चटका."

दोन तासांनी दलेंदाने डोळे उघडले. पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाला लावून मी विचारलं, "आता सांग. कुठे गेली होतीस?"

"कुंपणावर."

आमच्याकडे जमिनीसारखा समुद्रही वाटणीला येतो. उथळ पाण्यात खजुरीच्या झावळ्या रोवून लांबच लांब कुंपण घालतात. मासे त्याच्या कडेकडेने चालत जाऊन टोकाच्या पिंजऱ्यात शिरतात. खमीसचं घर त्या कुंपणावर चालतं. शनिवारी वारा फिरला. रविवारी पहाटे कुंपण मधोमध फाटलं, आणि खमीस एकटाच होडी घेऊन गेला. मुलगा पलीकडच्या किनाऱ्यावर सफाक्स शहरात नोकरीला, लग्नालाच येणार होता.

"बाबा एका हाताने झावळी धरणार की दोरी बांधणार?" दलेंदा म्हणाली. "मी मागच्या भिंतीवरून उडी मारली. अंगात घरातलाच बिनबाह्यांचा, उघड्या पाठीचा झगा होता. कमरेएवढ्या पाण्यात सहा तास उभी होते, खाला. सगळं बांधून आले. एक झावळी वाहून जाऊ दिली नाही."

"डोकं, पाठ काही झाकायचं तरी!"

"मला कधी ऊन लागतं का?"

तिचं हे वाक्य ऐकलं आणि मी हातातला तांब्या खाली ठेवला. खरंच तिला कधी ऊन लागत नव्हतं. तिचं ते उन्हात मुरलेलं कातडं दोन आठवडे अंधारात ठेवून मी फिकट केलं होतं. उरलंसुरलं होतं तेही शनिवारी घरीच कासा घालून, म्हणजे आमचा तो खरखरीत हातमोजा घालून, घासून काढलं होतं. मळाच्या वळ्या पडल्या तेव्हा मी मब्रूकाला अभिमानाने दाखवल्याही होत्या. आणि दुसऱ्याच दिवशी पोर भर जूनच्या उन्हात, खाली आरशासारखं पाणी. भाजेल नाही तर काय होईल? ऊन नवं नव्हतं. पाठ नवी होती, आणि ती मी केली होती.

हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही. माझाही स्वभाव आहे.

लग्न शुक्रवारी होतं. हातात पाच दिवस. लग्नात आमच्या नवरीला अंगावर लाल लोकरीची शाल घ्यावी लागते. अंगठ्याएवढ्या जाडीचं भरतकाम, खरखरीत आणि वजनदार. दलेंदाने ती दोन हिवाळे बसून स्वतः भरली होती. ती खांद्यांवर घेऊन चौरंगावर उभं राहायचं, तळहात दाखवत सात वेळा हळूहळू फिरायचं, आणि संध्याकाळभर बसायचं. त्या पाठीवर त्या वेळी माशी बसली तरी पोर किंचाळत होती.

लग्न पुढे ढकलायचं म्हटलं तर नवरामुलगा नाजी मार्सेयच्या बंदरात कामाला. सुट्टी दहा दिवसांची, त्यातला एक बोटीत गेलेला. पुढची सुट्टी पुढच्या उन्हाळ्यात. ही दोघं आधीच चार वर्षं थांबली होती. त्या दिवशी दलेंदा कण्हत कण्हत मला एवढंच म्हणाली, "खाला, मला अजून एक वर्ष नको. काहीही कर."

"काहीही करणार नाही," मी म्हटलं. "मोजकंच करीन. पण मी सांगेन तसं राहायचं. रात्री ताप चढला आणि सकाळपर्यंत उतरला नाही, तर सफाक्सची बोट आणि डॉक्टर. तिथे माझी शहाणपट्टी चालणार नाही."

ताप पहाटे उतरला. सोमवारी मी माझं अंथरूणच त्या घरी नेलं. दिवसातून चार वेळा जवाचं पाणी. मधे गार दही, पातळ थरात, सुकायच्या आत धुवायचं. कोरफडीचं पान चिरून, आधी पिवळा चीक गळू देऊन, मग आतला गर. फोडांना हात लावायचा नाही. पांघरायला माझी जुनी चादर, शंभरदा धुतलेली, सायीसारखी मऊ. आणि पाणी, कलिंगड, काकडी, पुन्हा पाणी. आत्याबाई दर दोन तासांनी दारात येऊन म्हणायच्या, "टोमॅटो राहू द्या, पण थोडं मीठ..." आणि मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं की परत जायच्या.

खरी भीती वेगळ्याच बाईची होती. हजला जाऊन आलेली हज्जा तुर्किया, नाजीची आई. तिच्या थोरल्या सुनेला लग्नात चौरंगावर चक्कर आली होती. एवढंच झालं होतं, पण गावाने तिला सहा वर्षं 'तुर्कियाची आजारी सून' म्हटलं. तेव्हापासून हज्जाने ठरवलं होतं की धाकटी सून घोड्यासारखी धडधाकट हवी, आणि तशी दिसायलाही हवी. मंगळवारी ती मिठाई घेऊन आली.

"सुनेला बघते जरा."

"हजब्यातल्या मुलीला सासूने बघू नये," मी दारात आडवी उभी राहिले.

"हे कधीपासून?"

"कधीपासूनचंच."

हे मी तिथल्या तिथे रचलं होतं. हज्जाने मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "ठीक आहे. गुरुवारी न्हाण्याला बघीनच की. तिथे तर काही झाकता येणार नाही."

बुधवारी लाली उतरली आणि साल निघायला लागली. कांद्याचा पापुद्रा सुटतो तशी, पाठभर. आता दलेंदाला सगळीकडे खाज. एकदा मी पाणी आणायला गेले, तर ही आरशापुढे उभी राहून खांद्यावरची साल ओढतेय. मी हातावर चापट मारली.

"लटकतेय खाला, घाण दिसते!"

"लटकू दे. तिला सुटायचं तेव्हा सुटेल. खालचं कातडं तयार झाल्याशिवाय वरचं ओढलंस तर परवा शाल नाही, कफन पांघरावंसं वाटेल."

त्या दिवशी मात्र मी मब्रूकाला बोलावून म्हटलं, "आण तुझं तेल. आता धग गेलीय, आता चार थेंब लावू." तिचा चेहरा असा खुलला की मला माझ्या रविवारच्या तोंडाची लाज वाटली. तिच्याच हाताने लावू दिलं.

गुरुवारी न्हाणं. नवऱ्याकडच्या सगळ्या बायका हमामात जमतात, गाणी म्हणतात आणि नवरीला घासताना बघतात. जितका मळ निघेल तितका हजबा चांगला पाळला, असं मानतात. मी दलेंदाला चादरीत गुंडाळून आत नेलं, वाफेपासून लांब, थंड कोपऱ्यात बसवलं आणि पुन्हा जवाचं पाणी ओतायला लागले.

गाणी थांबली. हज्जा तुर्किया समोर येऊन उभी राहिली.

"कासा कुठाय तुझा, शल्बिया?"

"आज घरी राहिला."

"तीस वर्षांत राहिला नाही, तो आजच?" आणि तिने चादर ओढली.

पाठ उघडी पडली. अर्धी गुलाबी, अर्धी तपकिरी, मधे सुटत आलेले पापुद्रे. बायकांच्या तोंडून एकच श्वास निघाला. मागून कोणीतरी पुटपुटलं, "देवा, कातडीचा रोग!"

"रोग नाही, ऊन आहे," मी म्हटलं.

"हजब्यात ऊन?" हज्जाचा आवाज चढला नाही, तो खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. "म्हणजे मुलगी हजबा मोडून बाहेर भटकली. आणि उद्या ही पाठ घेऊन लोकरीची शाल पांघरणार? एका तासात सोलून निघेल. चौरंगावर रडेल, आणि माझ्या घराला आणखी एक आजारी सून म्हणून गाव हसेल. मी नाजीला सांगते. पुढच्या वर्षी बघू."

आणि माझं तोंड उघडलं. एकदा उघडलं की ते मलाही आवरत नाही.

"हज्जा, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ही भटकली नाही. बापाचं कुंपण फाटलं, तो एकटा होता, ही गेली. आणि भाजली ती उन्हाने नाही. वीस वर्षं तेच ऊन, कधी काय झालं होतं हिला? भाजली ती माझ्यामुळे. मी कोंडली, मी घासली, मी तिचं कातडं कागदासारखं करून ठेवलं. चूक काढायची तर माझी काढा. लग्न कशाला पुढे ढकलता?"

हे मी पन्नास बायकांसमोर म्हटलं. तीस वर्षांचा दरारा त्या ओल्या फरशीवर मी स्वतःच्या हाताने सांडला. वाईट वाटलं का? वाटलं. पण पाठ हलकी झाली.

हज्जा काही बोलायच्या आत दलेंदा उठली. चादर अंगाभोवती घेतली आणि सरळ बाहेरच्या बैठकीच्या खोलीत गेली. आम्ही सगळ्या मागे. तिथे तिचं नवरीच्या कपड्यांचं बोचकं होतं. तिने त्यातून लाल शाल काढली.

"हज्जा, तासाचं म्हणालात ना? ते बघा घड्याळ."

मी पुढे झाले. शालीच्या आतून मी बुधवारीच माझ्या त्या जुन्या चादरीचा तुकडा शिवून ठेवला होता. तरी वजन होतंच. मी म्हटलं, "पोरी, उद्यासाठी राख." ती म्हणाली, "आज जमलं नाही तर उद्या कुठला, खाला?" आणि शाल खांद्यांवर घेतली.

मग ती बसली. हज्जा तिच्या समोर बसली, डोळे तिच्या चेहऱ्यावर. सुरुवातीला कोणाला काय करावं कळेना. मग सालिहाने ढोलकीसारखी दरबुका घेतली आणि एक गाणं सुरू केलं. खजूर आले, सरबत आलं. दहा मिनिटं. वीस. दलेंदाच्या ओठावर घाम आला, तो तिने पुसला. कोणीतरी विनोद केला, ती हसली, आणि हसताना खांदे हलले. चेहऱ्यावर आठी नाही. अर्ध्या तासाने तीच म्हणाली, "बसून काय, फिरूनही दाखवते," आणि उभी राहून तळहात पुढे धरून सात फेरे फिरली. सातव्या फेऱ्याला बायका तिच्या नावाने टाळ्या पिटत होत्या. हज्जाच्या बाजूच्यासुद्धा!

तास भरला. हज्जा उठली आणि स्वतःच्या हाताने शालीची कड उचलली. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. एक पापुद्रा सुटून आला होता, त्याखाली नवं कातडं कोरडं, अखंड. कुठे ओल नाही, कुठे रक्त नाही. हज्जाने एक बोट त्यावर ठेवलं.

"दुखतं?"

"गुदगुल्या होतात," दलेंदा म्हणाली.

हज्जाने शालीची कड खाली सोडली. मग माझ्याकडे वळली. "काय लावलंस?"

"दही, जव, कोरफड. आणि तुमच्यासारख्या बायकांना दाराबाहेर ठेवलं."

मला वाटलं, आता ही माझी सालटी काढणार. पण तिच्या नाकपुड्या थरथरल्या आणि ती हसली. "कुंपण किती लांब होतं?" तिने दलेंदाला विचारलं.

"मशिदीपासून हमामापर्यंत असेल."

"आणि सगळं बांधलंस?"

"सगळं."

हज्जाने मान वर केली, जीभ टाळूला लावली आणि असा आनंदाचा उलूल घातला की बाहेर चुलीपाशी बसलेला पाणक्या दचकून उभा राहिला. मागोमाग सगळ्या बायका. मब्रूका रडत होती, हसत होती, दोन्ही. मी रडले नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

शुक्रवारी संध्याकाळी अंगणात सगळं गाव मावेना. बायकांच्या बाजूला चौरंग मांडला, मी दलेंदाला हात धरून वर चढवलं. नाकाचं टोक अजून सोललेलं होतं. मी त्यावर काही लावलं नाही. लाल शालीत ती उभी राहिली तेव्हा मला माझ्या तीस वर्षांतल्या सगळ्या बदामासारख्या नवऱ्या एकदम फिक्या वाटल्या. ती सात फेरे फिरली, एकदाही न अडखळता.

शेवटच्या फेऱ्यानंतर नवरीला बसवायचं असतं. मी हात पुढे केला, तोच हज्जा तुर्किया चौरंगावर चढली. तिने दलेंदाच्या खांद्यावरची शाल बाजूला केली आणि ती अर्धी गुलाबी, अर्धी तपकिरी पाठ जमलेल्या सगळ्या बायकांकडे फिरवली. चार दिवस मी जी पाठ तिच्यापासून लपवली होती, तीच.

"बघा, नीट बघा!" हज्जा ओरडली. "सहा तास उन्हात उभी राहून बापाचं कुंपण बांधलंय हिने. आहे तुमच्यापैकी कोणाकडे अशी सून?"